पाऊस ओसरल्यावर ट्राउट: पेनसिल्व्हेनियाच्या लहान ओढ्यांवर स्पिनरने गरवायचं कसं

कोकणात वाढलेल्या माणसाला पाऊस आणि मासे यांचं नातं शिकवावं लागत नाही. पहिला दमदार पाऊस झाला की वलगणीचे मासे व्हाळातून शेतात चढतात आणि माणसं पाग, टोपल्या, हाताला लागेल ते घेऊन रात्री-बेरात्री बाहेर पडतात. तोच हिशेब मनात धरून न्यू जर्सीतल्या एडिसनहून शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात ट्राउट पकडायला निघालात, तर बहुतेक रिकाम्या हाताने परत याल. ट्राउट अंडी घालायला पावसात चढत नाही; त्याची वीण ऑक्टोबर-नोव्हेंबरातली. पावसानंतर तो खायला बाहेर पडतो, आणि सगळ्यात मोकळेपणाने खातो ते पाणी उतरत असताना. पाणी चढू लागतं तेव्हाही थोडा वेळ त्याचं तोंड चालतं, पण त्या वेळी ओढ्यात उभं राहणं शहाणपणाचं नाही. म्हणून नव्या माणसाने एकच गोष्ट आधी शिकावी: उतरतं पाणी ओळखायला. रॉड-रीलचं काय, ते दुकानात मिळतं.

ज्यांनी गावाकडे काठीला दोरा आणि गरी बांधून गरवलंय पण रील कधी चालवलं नाही, किंवा ज्यांनी काहीच केलेलं नाही, अशांसाठी हे लिहितोय. इथे फ्लाय फिशिंगचा, म्हणजे पिसा-दोऱ्याच्या खोट्या माशीने गरवण्याचा, थाट मोठा असतो आणि ती मंडळी स्पिनरवाल्यांकडे, म्हणजे फिरत्या पत्र्याच्या आमिषाने गरवणाऱ्यांकडे, जरा वरून बघतात. बघू देत. रोडोडेंड्रॉनच्या जाळीतून वाहणाऱ्या आठ-दहा फूट रुंदीच्या ओढ्यावर, पाणी जरा चढलेलं असताना, छोटा स्पिनर हे नवशिक्यासाठी सगळ्यात सोपं आणि भरवशाचं हत्यार आहे.

मासा कोणता आणि ओढा कुठला

इथल्या पाण्यात दोन तऱ्हांचे ट्राउट भेटतात. एक हॅचरीत, म्हणजे मासे पैदा करायच्या केंद्रात, वाढवून ट्रकमधून आणून सोडलेले, दुसरे ओढ्यातच जन्मलेले. आपण दुसऱ्यांबद्दल बोलतोय. त्यातला मूळचा इथला म्हणजे ब्रूक ट्राउट. हा पेनसिल्व्हेनियाचा राज्य-मासा. शास्त्राप्रमाणे तो 'चार' (char) नावाच्या माशांच्या गटातला. पाठीवर फिकट नागमोडी रेषा, कुशीवर निळ्या कड्यांतले लाल ठिपके आणि खालच्या परांना पांढरीशुभ्र किनार. ती किनार दिसली की दुसरं काही बघायची गरज नाही. दुसरा ब्राउन ट्राउट. त्याची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली आणि आता तो इथलाच होऊन गेलाय. अंगावर काळे आणि लालसर ठिपके, आणि स्वभाव ब्रूकपेक्षा बराच संशयी. लहान ओढ्यात मासा सहा ते आठ इंचांचा असतो. दहा इंचांचा ब्रूक ट्राउट लागला तर तो मोठाच समजावा. आकाराची हौस असेल तर मोठ्या नदीवर जा.

ओढा शोधायला पेनसिल्व्हेनिया फिश अँड बोट कमिशनच्या याद्या आणि नकाशे आहेत. ट्राउटची नैसर्गिक पैदास होते अशा ओढ्यांची एक यादी, आणि त्यातल्या उत्तम ओढ्यांची 'क्लास ए' नावाची दुसरी. क्लास ए ठरायला हेक्टरमागे ब्राउन ट्राउट किमान ४० किलो किंवा ब्रूक ट्राउट किमान ३० किलो असावे लागतात. राज्याच्या उत्तर-मध्य भागात, म्हणजे पॉटर, क्लिंटन, लायकमिंग या काउंट्यांमध्ये असे ओढे खच्चून भरलेत. न्यू जर्सीकरांना जवळ पोकोनोजचे डोंगर. केटल क्रीक, पाइन क्रीक अशा मोठ्या नावांच्या मागे लागू नका. त्यांना दोन्ही अंगांनी येऊन मिळणारे छोटे ओढे नकाशावर बघा. नावापुढे 'रन' असलं की तो बहुधा आपल्या मापाचा असतो.

निवड करताना एक कसोटी लावा. ओढ्याचं सगळं पाणलोट जंगलात आहे का? उपग्रह-नकाशावर उगमापर्यंत बोट फिरवून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे डोंगर लाकूडतोडीने बोडके झाले होते. पुढे राज्याने जमिनी घेतल्या, झाडं परत आली आणि आज यातला मोठा भाग स्टेट फॉरेस्ट आहे. जंगलातला ओढा पावसाने फार गढूळ होत नाही आणि लवकर निवळतो. शेतांमधून येणारा ओढा मात्र एका पावसाने दोन-तीन दिवस चिखल वाहून आणतो. हा फरक पुढे सगळ्या वेळापत्रकात येणार आहे.

परवाना आणि हद्द

वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर फिशिंग लायसन्स हवं, आणि ट्राउटसाठी त्यावर वेगळं ट्राउट परमिट. दोन्ही ऑनलाइन मिळतात. न्यू जर्सीचं लायसन्स पेनसिल्व्हेनियात चालत नाही आणि उलटही नाही. डेलावेअर नदीच्या अलीकडे न्यू जर्सीतही जंगली ट्राउटचे ओढे आहेत, पण त्यांचे नियम निराळे. लायसन्सचा व्हिसाशी संबंध नाही, रहिवास कुठल्या राज्यात एवढंच बघतात. भारतातून महिना-दोन महिन्यांसाठी आलेल्या बाबांच्या हातात 'जरा धरा हो' म्हणून रॉड दिलात आणि त्यांनी गळ टाकला, तर त्यांनाही लायसन्स लागतं. हे बरेच जण विसरतात.

हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी ८ वाजता सुरू होतो. तेव्हापासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) किमान ७ इंचांचे मासे ठेवता येतात. त्यानंतर जंगली ट्राउट ओढ्यात मासा पकडला तरी सोडावाच लागतो. काही ओढ्यांना खास नियम आहेत: कुठे फक्त कृत्रिम आमिष, कुठे फक्त फ्लाय. फक्त फ्लाय असलेल्या भागात आपला स्पिनर चालणार नाही, तेव्हा झाडावरची पाटी वाचा आणि त्या वर्षीचं नियमपुस्तक फोनमध्ये ठेवा.

खासगी जमिनीबद्दल सांभाळून. 'पोस्टेड'ची पाटी सगळ्यांना कळते, पण झाडाच्या बुंध्यावरचा जांभळ्या रंगाचा उभा पट्टाही २०२० पासून इथे 'आत येऊ नका' असंच सांगतो.

सामान

रॉड पाच ते साडेपाच फुटांचा, अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलका. सात फुटी रॉड दुकानात फार छान वाटतो आणि ओढ्यावर प्रत्येक फांदीत अडकतो. रील १००० नंबरचं किंवा त्याहून लहान, स्पिनिंग प्रकारचं. लाइन चार पाउंडी मोनोफिलामेंट, म्हणजे एकेरी नायलॉनची. ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन मजबूत असते, पण पाण्यात जास्त दिसते आणि खडकावर घासली की मोनोपेक्षा लवकर कातरते. सुरुवातीला मोनोच घ्या, स्वस्त पडते आणि बदलताना जीव हळहळत नाही.

स्पिनर म्हणजे तारेभोवती फिरणारा पत्रा, खाली पितळेचा छोटा भार आणि मागे हुक. मेप्स अग्लिया नंबर ० आणि १, पँथर मार्टिन नंबर २ आणि ४, एवढ्यावर वर्ष निघतं. वजन साधारण दोन ते साडेतीन ग्रॅम. पँथर मार्टिनच्या पत्र्यातूनच तार जाते, त्यामुळे तो पाण्यात पडताक्षणी फिरू लागतो. प्रवाहाच्या वरच्या दिशेला फेकताना हे फार कामाचं. रंगांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझा हिशेब साधा: पाणी रंगलेलं असेल तर सोनेरी पत्रा, निवळलं असेल तर चंदेरी किंवा काळपट. गढूळ पाण्यात एक नंबर मोठा, स्वच्छ पाण्यात एक नंबर लहान.

तिहेरी हुक काढून एकेरी लावा आणि त्याचा काटा पकडीने दाबून सपाट करा. लहान माशाच्या तोंडात तिहेरी हुक शिरला की तो सोडवेपर्यंत मासा अर्धमेला होतो. शिवाय एकेरी हुक बुडालेल्या फांद्यांत कमी अडकतो, म्हणजे तुमचेही डॉलर वाचतात. स्पिनर लाइनला थेट बांधा, मध्ये स्नॅप-स्विव्हलच्या फिरत्या कडीचा लोंबता भार नको. स्पिनर फिरून-फिरून लाइनला पीळ पडतोच. पीळ वाढला की स्पिनर कापून नुसती लाइन खालच्या प्रवाहात वीस-तीस यार्ड सोडून द्या आणि मिनिटभराने गुंडाळा, पीळ उतरतो. गाठ इम्प्रूव्ह्ड क्लिंच. ती घरी बसून डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधा. प्रत्येक मोठ्या अडकाअडकीनंतर शेवटचा फूटभर भाग नखातून ओढून बघा. खरखरीत लागला तर कापून नव्याने बांधायचं.

बाकी: लांब चिमटा, नेल क्लिपर, पाण्याचा थर्मामीटर, पोलराइज्ड गॉगल, गुडघ्याच्या वर येणारे बूट. गॉगल ऐच्छिक समजू नका. पाण्यावरची चमक गेली की तळातले दगड दिसतात, आणि सुसाट येणाऱ्या हुकापासून डोळेही वाचतात.

कधी निघायचं

पाऊस पडला की ओढ्यात काय होतं ते बघू. काठावरची गांडुळं, मुंग्या, नाकतोडे, अळ्या वाहून येतात. तळातले दगड हलतात आणि त्याखालचे किडे सुटतात. पाण्याला रंग येतो, त्यामुळे वरून बगळा किंवा खंड्या दिसेल ही माशाची भीती कमी होते. पाण्याचा आवाज वाढतो, तुमच्या बुटांचा आवाज त्यात बुडतो. उन्हाळ्यात पाणी गारही होतं. एरवी स्वच्छ, उथळ पाण्यात तुमची सावली वीस फुटांवरून बघून कपारीत पळणारा ब्राउन ट्राउट अशा वेळी दोन हातांवर येऊन स्पिनर धरतो.

पण पूर ऐन भरात असताना तो खात नाही. पाणी लोंढ्याने येतं तेव्हा मासा जीव सांभाळत तळाशी, दगडाआड दबून बसतो, आणि गढूळ पाण्यात त्याला तुमचा स्पिनर दिसतही नाही. मग पाणी उतरू लागतं, रंग पातळ होतो, आणि भुकेलेला मासा कडेच्या संथ पाण्यात येऊन उभा राहतो. लहान जंगली ओढ्यावर ही वेळ काही तासांचीच असते. संध्याकाळी गडगडाटी पाऊस होऊन गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बऱ्याचदा नेमकं असतं. दुपारपर्यंत ओढा पुन्हा काचेसारखा होऊन बसलेला. दिवसभर संततधार लागली असेल तर आणखी एक दिवस जाऊ द्या. कोरड्या आठवड्यानंतरचा पाव इंच पाऊस जमीनच पिऊन टाकते, ओढ्याला पत्ताही लागत नाही. अर्धा-पाऊण इंच पडला तर सामान गाडीत टाका.

हे घरबसल्या कळायला यूएसजीएसची (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची) प्रवाहमापकं आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर नदीतून दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय त्याचा आलेख असतो, साधारण दर पंधरा मिनिटांनी मोजलेल्या आकड्यांचा. तुमच्या इवल्याशा ओढ्यावर मापक नसणारच. तो ज्या नदीला मिळतो तिच्यावरचं, किंवा शेजारच्या खोऱ्यातलं सगळ्यात लहान मापक बघा. पावसानंतर आलेख उभा चढतो, टोक गाठतो आणि मग हळूहळू उतरतो. समजा एरवी ३० वर असणारी रेघ रात्री १५० ला टेकली आणि सकाळी ८० वर येऊन उतरतीच आहे. मोठ्या नदीची ही गत असेल तर तिला मिळणारा लहान ओढा तिच्या कितीतरी आधी उतरलेला असतो, कारण त्याचं पाणलोट लहान, त्याचं पाणी आधी येतं आणि आधी जातं. नवशिके नदीचा आकडा बघून 'अजून फार आहे' म्हणत थांबतात आणि ओढ्याची वेळ निघून जाते.

जमलं तर दोन ओढे ठरवून निघा. एक अगदी वरचा, लवकर निवळणारा. दुसरा जरा मोठा, खालचा. पहिला फारच स्वच्छ झालेला दिसला तर दुसऱ्यावर जायचं, दुसरा चिखलाने भरलेला असेल तर पहिल्यावर.

तापमानही बघा. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसला ट्राउट खुशीत असतो. पाणी २० अंशांवर गेलं असेल तर रॉड गुंडाळून घरी जा. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमवलेला मासा सोडला तरी मरतो. भर उन्हाळ्यात पार्किंग लॉट आणि रस्त्यांवरून आलेलं पावसाचं पाणी उलट गरम असतं, म्हणून शहरालगतच्या ओढ्यावर पावसाचा फायदा धरून चालू नका.

काठावर: आधी बघा, मग फेका

ओढ्याशी पोचलात की पहिली पाच मिनिटं रॉड खालीच राहू द्या. काठावरच्या दगडांकडे बघा. पाण्याच्या रेषेवर दगड ओला, त्याच्या वरही बोटभर ओला पट्टा, आणि गवतावर नुकत्याच अडकलेल्या पानांची रेघ पाण्यापेक्षा वर दिसतेय? म्हणजे पाणी उतरतंय. उलट दगड पाण्यापर्यंत कोरडे, पानं-काटक्या प्रवाहाच्या मधोमध वाहत येताहेत, रंग बघता-बघता गडद होतोय? पाणी चढतंय, लगेच काठ चढून वर या. खात्री नसेल तर काठाशी एक काटकी रोवा आणि दहा मिनिटांनी बघा.

मग रंग. गुडघाभर पाण्यात स्वतःच्या बुटाचा चवडा अंधूक दिसत असेल तर याहून चांगलं पाणी मागू नये. घोट्याइतक्या पाण्यात चवडा दिसत नसेल तर अजून वेळ आहे, डबा उघडून पोहे खाऊन घ्या. हेमलॉकच्या जंगलातलं पाणी कोऱ्या चहासारखं लालसर असतं. तो पालापाचोळ्याचा अर्क, गाळ नव्हे. त्यातून आरपार दिसतं, त्याला घाबरू नका.

चढलेल्या पाण्यात मासा कुठे असतो? एरवी तो डोहाच्या मध्यावर, धारेत उभा असतो. आता तिथे जोर फार, तर तो कडेला सरकतो. वळणाच्या आतल्या बाजूचं संथ पाणी, मोठ्या धोंड्याच्या मागचा भोवरा आणि धोंड्याच्या पुढची छोटी उशीसारखी जागा, मुळांखालची कपार, आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या खालची सावली, आणि डोहाच्या शेपटीला जिथे पाणी पसरून उथळ होतं तो भाग. जलद आणि संथ पाण्याच्या मधली शिवण शोधा. फेसाची रेघ बहुतेक तिच्यावरूनच जाते. मासा संथ बाजूला उभा राहतो आणि जलद बाजूने येणारं खाणं टिपतो. पाणी जसजसं उतरेल तसतसा तो परत मध्याकडे जातो, म्हणून सकाळी कडेला मिळालेले मासे दुपारी त्याच जागी नसतात.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून खालून वर जायचं, त्याच्या पाठीमागून. पाण्यात शक्य तितकं उतरूच नका. उतरलात तर पाय घासत नव्हे, उचलून ठेवत चला. फिकट टी-शर्ट आणि चकाकती टोपी घरी. डोहाजवळ येताना वाका, खरंच वाका. गुडघ्यावर बसून फेकण्यात लाज नाही.

फेकणं आणि ओढणं

डोक्यावरून रॉड फिरवून फेकायला इथे जागाच नसते. दोन पद्धती शिका. पहिली खालून झोका: स्पिनर रॉडच्या टोकापासून फूट-दीड फूट लोंबू द्या, बेल (रीलवरची लाइन अडवणारी तारेची कडी) उघडा, लाइन तर्जनीने धरा, रॉडचं टोक खाली नेऊन पुढे-वर झटका द्या आणि बोट सोडा. स्पिनर पाण्यापासून फार वर न जाता सपाट जायला हवा. दुसरी धनुष्यबाण: काटा बोटात जाणार नाही अशा बेताने हुकचा वाक चिमटीत धरायचा, लाइन ताणून रॉड वाकवायचा, नेम धरायचा आणि चिमूट सोडायची. फांद्यांच्या बोगद्यात हिच्याशिवाय इलाज नाही. दोन्ही अंगणात, हुक काढून, बादलीत नेम धरून आधी करून बघा.

स्पिनर हवेत असतानाच तर्जनी स्पूलच्या (लाइन गुंडाळलेल्या रिळाच्या) कडेला टेकवा, म्हणजे वेग कमी होऊन तो धपकन न पडता अलगद उतरतो. बेल हाताने बंद करा, हँडल फिरवून नव्हे. सैल वेटोळं राहिलं की पुढच्या फेकीला लाइनचा गुंता होतो. आणि पाण्याला टेकताक्षणी गुंडाळायला लागा. वरच्या दिशेला फेकलेला स्पिनर प्रवाह तुमच्याकडे आणतोच, तुम्हाला त्याहून किंचित जास्त वेगाने ओढायचं असतं. कमी ओढलंत तर पत्रा फिरत नाही, स्पिनर तळाला जाऊन अडकतो. जास्त ओढलंत तर तो पृष्ठभागावर उड्या मारत येतो आणि मासा त्याच्या मागे लागत नाही. बरोबर वेग कळतो तो हातात. रॉडच्या टोकाला एक बारीक, अखंड थरथर जाणवते. थरथर आहे म्हणजे पत्रा फिरतोय. ती मध्येच थांबली की पान अडकलंय, तळाला टेकलंय किंवा माशाने धरलंय. तिन्हीत मनगटाने रॉड थोडा उचलायचा. कुठलं खरं ते लगेच कळतं.

एका डोहाचं उदाहरण घेऊ. ओंडका डावीकडून आडवा पडलाय, त्याच्याखाली पाणी खोल, उजवीकडून धार येते, तुम्ही शेपटीच्या खाली गुडघ्यावर. पहिली फेक शेपटीतच, जवळची, कारण तिथे उभा असलेला छोटा मासा बिथरला तर वर पळत सगळ्यांना बिथरवतो. दुसरी फेसाच्या रेघेवर. तिसरी ओंडक्याला समांतर, शक्य तितकी चिकटून, आणि इथे ओढण्याचा वेग जरा कमी करा म्हणजे स्पिनर ओंडक्याच्या सावलीत खोल उतरेल. चौथी धारेच्या वरच्या टोकाला, जिथे पाणी डोहात कोसळतं. एवढ्यावर काही झालं नाही तर पुढच्या डोहाकडे चला. जंगली ट्राउटला धरायचं असेल तर तो बहुधा पहिल्या एक-दोन फेकीतच धरतो. एकाच जागी वीस वेळा पाणी झोडपणं म्हणजे माशांना सूचना देणं आहे. मासा मागे येऊन वळला, तर मात्र त्या जागेला पाच मिनिटं विश्रांती द्या आणि लहान किंवा वेगळ्या रंगाचा स्पिनर टाकून बघा.

पाणी अजून बरंच जोरात असेल तेव्हा उलटं करता येतं. धोंड्याच्या वरच्या बाजूला काठावर उभं राहायचं, प्रवाहात आडवा फेकायचा आणि लाइन ताठ ठेवून स्पिनर धोंड्यामागच्या संथ जागेत वाहवत न्यायचा. तिथे तो जवळजवळ न ओढता धरून ठेवला तरी प्रवाहच पत्रा फिरवतो. गढूळ पाण्यात माशाला तो शोधायला असा वेळ मिळतो.

लागल्यावर

लाइन ताठ, रॉड वर, पण खेचाखेची नको. सात इंची माशाशी झुंज वगैरे नसते, अर्ध्या मिनिटात तो पायाशी येतो. हात आधी पाण्यात भिजवा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मागून बुरशी धरते. पाण्यातच धरून चिमट्याने हुक उलटा फिरवा, काटा दाबलेला असेल तर तो सुळकन निघतो. कल्ल्यांना बोट लावायचं नाही, दगडांवर आपटू द्यायचं नाही. फोटो हवा असेल तर फोन आधी तयार ठेवा. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा.

ऑक्टोबरनंतर ओढ्यात उतरलात तर उथळ जागी स्वच्छ, फिकट खडीचे ताटलीएवढे पट्टे दिसतील. ती माशांची घरटी, त्यात अंडी असतात. त्यांवर पाय देऊ नका आणि त्यावर उभ्या माशांना गळ टाकू नका.

जीव सांभाळून

वर डोंगरात पाऊस पडून खाली ऊन असू शकतं. अंगावर थेंब नसताना पाणी अचानक गढूळ झालं किंवा आवाज बदलला तर थांबायचं नाही. जोराच्या पाण्यात गुडघ्याच्या वर उतरू नका आणि परतीची वाट ओढ्याच्या कुठल्या काठाला आहे ते आधीच ठरवा; पलीकडे अडकून पडणं हा इथला नेहमीचा प्रकार आहे. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून गाडीत बसा, ग्राफाइटमधून वीज वाहते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

गोचीड हा इथला खरा शत्रू. काळ्या पायांच्या गोचिडीतून लाइम रोग होतो आणि पेनसिल्व्हेनियात त्याचं प्रमाण भरपूर आहे. पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारा, घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागची घडी, केस तपासा. तीन-तीन पानांची, अंगाला लागली की खाज आणणारी पॉयझन आयव्ही ओळखायला शिका. उन्हात तापलेल्या कातळावर हात टेकण्याआधी बघा, टिंबर रॅटलस्नेक हा विषारी साप तिथेच पडलेला असतो. बहुतेक दऱ्यांत फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा उतरवून घ्या आणि कुठल्या ओढ्यावर, किती वाजेपर्यंत, हे घरी सांगून निघा.

खायचा का?

आपल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. हंगामात, मापात बसणारा मासा ठेवणं कायद्यात बसतं. पण डोंगरातल्या ओढ्यावरचे सात इंची मासे हे तिथले मोठे, वीण करणारे मासे असतात. ते चार जणांनी नेले तरी ओढ्याला जाणवतं. मी ते सोडतो. रवा लावून तळायचाच असेल तर ज्या नद्यांत हॅचरीचे रेनबो ट्राउट सोडतात तिथून आणा. ते खाण्यासाठीच सोडलेले असतात. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवलेला रेनबो बरा लागतो. बांगड्याची सर मात्र नाही.

घरी आल्यावर

स्पिनर डबीत ओले कोंबू नका, टॉवेलवर वाळवा, नाहीतर हुक गंजतात. बूट घासून चिखल काढा आणि दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी पूर्ण वाळू द्या; न्यूझीलंड मडस्नेलसारख्या परक्या गोगलगाई ओल्या बुटांवरूनच एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात.

मग एक वही काढा. ओढ्याचं नाव, पाऊस कधी थांबला आणि किती पडला, जवळच्या मापकाचा आकडा तुम्ही पोचलात तेव्हा काय होता आणि निघताना काय, पाण्याचा रंग, तापमान, मासे कडेला मिळाले की धारेत, कुठल्या स्पिनरला. चार ओळी पुरतात. एकाच ओढ्यावर एका हंगामात काही पावसांनंतर गेलात की त्या ओढ्याचा आकडा तुम्हाला सापडतो: मापक अमुक वर असेल तर फुकट पेट्रोल जाळायचं नाही, अमुकच्या खाली आला की सकाळची पहिली मीटिंग पुढे ढकलायची. दुसऱ्याचा आकडा विचारून उपयोग नाही, शेजारच्या ओढ्यालाही तो लागू पडत नाही.